आमसुलाशिवाय उकडलेला सुरण

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, सकाळी अकरा ते दुपारी एक या वेळेत, मुलुंड पूर्वेतल्या आमच्या इमारतीच्या सभागृहात दहा जणांनी पाच प्रकारचा उकडलेला सुरण खाल्ला. पाचही प्रकारांपुढे दहाही जणांनी ‘खाज नाही’ असं लिहिलं. निकाल चुकीचा होता.

नोंदी माझ्याकडे होत्या. वर्तमानपत्राच्या कचेरीत सव्वीस वर्षं बातम्या तपासण्याचं काम केल्यामुळे नोंदी ठेवणं माझ्याकडे आलं असावं. काम देताना तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी एवढंच सांगितलं होतं, “लोक जे लिहितील तेच उतरवायचं. तुम्हाला काय वाटतं ते नाही.”

या बाई कृषी शास्त्रज्ञ. कोकणातल्या एका संशोधन केंद्रात त्या कंदपिकांवर काम करत. सोमवारी सकाळी जात, शुक्रवारी संध्याकाळी परत येत. नावाआधी डॉक्टर असल्यामुळे इमारतीत नव्याने राहायला आलेले लोक खोकला, ताप घेऊन त्यांच्या दारात उभे राहत. त्या त्यांना बसवून चहा देत आणि स्टेशनजवळच्या दवाखान्याची वेळ सांगत. “मी सुरणाची डॉक्टर,” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून चार-पाचदा ऐकलं आहे. त्यात विनोद करण्याचा हेतू नसे.

त्यांना काय हवं होतं ते सांगायला दोन वाक्यं पुरतात. मुंबईच्या बाजारात येणारा सुरण मोठा असतो, भाजीवाला त्याचे तुकडे करून विकतो, आणि तो उघड्या शेतात, भरपूर उन्हात वाढतो. कोकणातल्या शेतकऱ्याला नारळाखालच्या सावलीत वाढणारा, दीड-दोन किलोचा, चार माणसांचं घर अख्खा उचलून नेईल असा सुरण मिळाला, तर त्याला त्यासाठी वेगळी जमीन अडवावी लागणार नाही.

असा सुरण कोकणात आहे. घरामागे, न्हाणीच्या पाण्यावर तो आपोआप वाढतो. कुणी लावलेला नसतो, पुष्कळदा कुणी काढलेलाही नसतो. त्याची चव बाजारच्या सुरणापेक्षा सरस, गर घट्ट. अडचण एकच. तो खाजरा असतो. त्याच्या गरात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते जिभेला, घशाला टोचतात आणि घसा खवखवतो. बाईंनी चौदा वर्षं असे सुरण गोळा केले होते. लग्नकार्याला गेल्या की मांडवात कमी आणि घरामागे जास्त सापडत, असं त्यांच्या नात्यातल्या एका मुलीने मला सांगितलं होतं. पैठणी नेसून, हातात खुरपं घेऊन त्या परसात उकिडव्या बसलेल्या मी स्वतः एकदा पाहिल्या आहेत. ते आमच्याच इमारतीतल्या एका मुलाचं लग्न होतं आणि वऱ्हाड जेवायला बसलेलं होतं.

प्रत्येक घरात त्या विचारत, “तुमचा सुरण खाजतो का?” उत्तर ठरलेलं असे. “आमचा नाही खाजत. पलीकडच्यांचा खाजतो.” पलीकडे गेल्यावर तेच उत्तर उलट दिशेने मिळे.

गोळा केलेल्या सुरणांना त्या आकडे देत. घराचं, गावाचं नाव देत नसत. कारण विचारल्यावर म्हणाल्या, “नाव दिलं की माया लागते. मग टाकून देता येत नाही.” टाकून देणं हाच त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. एका गड्ड्याचे तुकडे करून मे महिन्यात लावायचे. पानं वाळली की हिवाळ्याच्या सुरुवातीला काढायचे. आकार, वजन, कीड, कुजणं, सगळं पाहून बरे ते ठेवायचे आणि पुढच्या मेमध्ये पुन्हा लावायचे. वर्षाला एकच हंगाम. भातावर काम करणाऱ्याला मूठभर दाण्यांतून शेकडो रोपं मिळतात. सुरणावर काम करणाऱ्याला एका गड्ड्यातून चार-पाच. चौदा वर्षांत त्यांच्याकडे चार प्रकार उरले होते.

त्यातला क्रमांक सात त्यांचा आवडता होता. तसं त्या म्हणत नसत, पण बाकीच्या तिघांबद्दल बोलताना त्या कागद पाहत आणि सातबद्दल बोलताना पाहत नसत. गोल, गुळगुळीत, सावलीत चांगला पोसणारा. क्रमांक चार त्याच्या शेजारी ठेवला असता तर कुणी हातात घेतला नसता. वेडावाकडा, अंगावर गाठी असलेला.

गेल्या वर्षी जूनमध्ये त्या निवृत्त होणार होत्या. मार्चमध्ये वाणांचा निर्णय घेणाऱ्या समितीची बैठक होती. तिच्यापुढे चारांपैकी एकच प्रकार ठेवता येणार होता, कारण शेतकऱ्यांच्या शेतांवर चाचणी घेण्याची सोय एकाच प्रकारापुरती होती. तो प्रस्ताव त्यांच्या हातून गेला नसता तर चारही प्रकार केंद्राच्या संग्रहात जमा झाले असते. केंद्रात त्यांच्यानंतर कंदपिकं पाहणारं कुणी नेमलेलं नव्हतं.

केंद्रातल्या प्रयोगशाळेने चारही प्रकारांतले स्फटिक मोजले होते. फरक फार नव्हता. चव घेण्याची चाचणीही तिथे झाली होती, पण चव घेणारे सगळे केंद्राचेच कर्मचारी. “त्यांचे घसे आता सरावलेत,” बाई म्हणाल्या. “मला विकत घेऊन खाणारे घसे हवेत.” म्हणून मुलुंड.

सुरण उकडण्याचं काम माझ्या वहिनीकडे होतं. माझे भाऊ आणि वहिनी पहिल्या मजल्यावर राहतात. वहिनी मालवणकडची, तिचे वडील परळच्या गिरणीत होते. ती वीस वर्षं डबे करते. एकाच मापाची पाच पातेली आणि मोठी शेगडी इमारतीत तिच्याकडेच होती. बाईंनी तिला कागदावर सूचना लिहून दिल्या होत्या. तुकडे एकाच मापाचे. प्रत्येक पातेल्यात पाणी सारखं. वीस मिनिटं. मीठ नाही, हळद नाही, काहीही घालायचं नाही.

त्या शनिवारी पातेली सभागृहात आली. त्यांवर क, ख, ग, घ, च अशी अक्षरं होती. कोणत्या अक्षराचा सुरण कोणत्या क्रमांकाचा, ते बाईंनी लिहून दिलेलं बंद पाकीट माझ्या खिशात होतं. खाणाऱ्यांत सात बायका, तीन पुरुष. दोन नमुन्यांमध्ये पंधरा मिनिटं थांबायचं, कोमट पाण्याने चूळ भरायची, मग पुढचा नमुना. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी आल्याआल्या विचारलं, “डॉक्टर, याचा भत्ता किती?”

“एक गड्डा. पुढच्या हंगामात.”

“कच्चा की शिजलेला?”

“कच्चा. घरी जाऊन तुम्हीच चिरायचा.”

“म्हणजे हातालाही खाज,” ते म्हणाले आणि पहिला तुकडा तोंडात टाकला.

एक वाजता मी बेरीज वाचून दाखवली. क, खाज नाही, दहा. ख, खाज नाही, दहा. असं च पर्यंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, “झकास. डॉक्टर, तुमचं काम झालं.”

बाई म्हणाल्या, “ग पुन्हा वाचा.”

मी वाचला.

“दहाही?”

“दहाही.”

त्यांनी ग पातेल्यातला गार झालेला तुकडा उचलला, चावला आणि त्या घड्याळाकडे पाहत उभ्या राहिल्या. लोक चपला घालत होते. पाच मिनिटांनी त्या म्हणाल्या, “हा खाजायला हवा होता.”

मग त्यांनी सांगितलं. पाचांतला एक नमुना त्यांच्या चारांपैकी नव्हता. तो कुंपणाकडेचा, खाजरा म्हणून माहीत असलेला सुरण होता आणि तो मुद्दाम ठेवला होता. खाणाऱ्यांना खाज ओळखता येते का, हे पाहण्यासाठी. तोही खाजला नाही, याचा अर्थ कुठेतरी चुकलं होतं.

आम्ही दोघं पहिल्या मजल्यावर गेलो. वहिनी शेगडी पुसत होती.

“वहिनी, पाण्यात काही घातलं होतं का?” बाईंनी विचारलं.

“काय नाय ओ. तुमी लिवलास तसाच केलंय.”

“मीठ?”

“नाय.”

“हळद?”

“नाय म्हटलंय ना. काय म्हंजे काय घातलंय नाय.”

बाई ओट्याकडे पाहत होत्या. तिथे काळपट लाल सालांची एक बरणी उघडी होती.

“आणि आमसूल?”

“ता घालूकच व्हया ना,” वहिनी म्हणाली. “सुरण आमसुलाशिवाय कोण उकडता?”

एकेका पातेल्यात एकेक आमसूल. उकळी आल्यावर टाकलेलं, उतरवताना काढलेलं. आमसुलाच्या आंबटपणाने सुरणाची खाज मरते, हे कोकणातल्या कुठल्याही घरात नव्याने सांगावं लागत नाही. वहिनीच्या लेखी ते घालण्यातच जमा नव्हतं. पातेल्यात पाणी असतं तसं ते असतं.

मी सभागृहातले कागद पुन्हा पाहिले. शेऱ्यांच्या रकान्यात तिघांनी ‘किंचित आंबूस’ असं लिहिलं होतं. बँक अधिकाऱ्यांनी त्यापुढे ‘छान’ असंही लिहिलं होतं. मी ते वाचून दाखवलं नव्हतं, कारण मला बेरीज वाचायला सांगितली होती.

वहिनीच्या लक्षात प्रकार आला तेव्हा ती खुर्चीवर बसली. म्हणाली, “म्हंजे माज्यामुळे वाट लागली तुमची.”

“तुमची चूक नाही,” बाई म्हणाल्या. “मी ‘काहीही’ लिहिलं. मला ‘आमसूल’ लिहायला हवं होतं. चौदा वर्षं घरोघर ऐकतेय, आमचा नाही खाजत, आमचा नाही खाजत. का नाही खाजत, ते मला माहीत होतं.”

जिन्यात मी त्यांना म्हटलं की तो एक नमुना वगळला तर उरलेल्या चारांचा निकाल चांगला आहे. चाचणी घरगुती होती. समितीने तो नमुना मागितलेलाही नव्हता.

त्या थांबल्या. “वगळला तर काय कळलं?”

“चारही खाजत नाहीत.”

“आमसुलात खाजत नाहीत. ते समितीला माहीत आहे. समितीतले अर्धे लोक कोकणातलेच आहेत.”

चाचणी पुन्हा घ्यायची तर सुरण हवा होता, आणि खाण्यासाठी बाजूला काढलेला सुरण संपला होता. उरलं होतं ते मे महिन्यात लावायचं बियाणं. थांबताही येत नव्हतं. साठवणीत सुरणाची खाज हळूहळू कमी होते. महिन्याभराने घेतलेली चाचणी त्यांच्या मते खरी नव्हती.

बियाणं गोराईला होतं. बोरिवलीहून खाडी ओलांडली की गोराईत अजून वाड्या आहेत. नारळ, मोगरा, भाजी. तिथल्या एका वाडीवाल्याने दोन वर्षं नारळाखाली बाईंचे चारही प्रकार वाढवले होते. केंद्राबाहेर, खऱ्या शेतकऱ्याच्या सावलीत ते कसे येतात हे बाईंना पाहायचं होतं आणि शनिवार-रविवारी तिथे जाता येत होतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, त्या निघाल्या. मी बरोबर गेलो. मुलुंडहून बोरिवलीपर्यंत बस, पुढे रिक्षा, मग होडी. होडीत त्यांच्या मांडीवर एक पिशवी होती. तिच्यात दोन सुऱ्या, स्पिरिटची बाटली, एक वजनकाटा आणि जुन्या साडीच्या फाडलेल्या पट्ट्या.

वाडीवाला पन्नाशीचा. त्याने पडवीत वाळू पसरून त्यावर गड्डे ओळीने मांडले होते. प्रत्येक ओळीपुढे बांबूची पट्टी, पट्टीवर पेन्सिलीने आकडा. पेन्सिल, कारण शाई ओलीत पुसते. सातच्या ओळीत सव्वीस गड्डे होते. चारच्या ओळीत अकरा.

बाईंनी काय झालं ते सांगितलं. तो हसला नाही.

“मग आता?”

“प्रत्येक ओळीतले चार कापायचे. वरचा डोळा ठेवून खालचा भाग घ्यायचा. डोळ्याचा भाग मेमध्ये लावता येईल.”

“मेपर्यंत राहिला तर. कापलेला गड्डा कुजतो, बाई. तुम्हीच सांगितलंत मला.”

“शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवू. शेण मिळेल ना?”

“शेण मिळेल हो, शेणाचं काय. मी बियाण्याचं बोलतोय.” तो सातच्या ओळीपाशी बसला. “जागा पण बघून ठेवली मी याची. विहिरीकडची अख्खी रांग. आता अर्धे कापून खाणार तुम्ही.”

“चार कापणार. सव्वीसातले.”

“मग सातचे तीनच कापा ना.”

“सगळ्यांचे चार.”

“सात तुमचा आहे, बाई. आम्हाला काय दिसत नाय?”

“म्हणूनच चार,” बाई म्हणाल्या आणि सुरी स्पिरिटने पुसली.

त्यांनी सोळा गड्डे स्वतः कापले. प्रत्येक गड्ड्यानंतर सुरी पुसत होत्या, म्हणजे एकाचा रोग दुसऱ्याला लागू नये. हातमोजे घातले नव्हते. मोज्यांत डोळा कुठे आहे ते बोटांना कळत नाही, असं त्या म्हणाल्या. दहाव्या-अकराव्या गड्ड्यानंतर त्यांची मनगटं लाल झाली. वाडीवाला बघत उभा होता. मग आत जाऊन खोबरेल तेलाची वाटी घेऊन आला आणि त्यांच्याजवळ ठेवली. शेणकाला त्यानेच कालवला. डोळ्याचे सोळा तुकडे बुडवून त्याने साडीच्या पट्ट्यांवर उलटे मांडले. चारच्या ओळीत आता सात अख्खे गड्डे आणि चार कापलेले होते. खाजरा सुरण त्याने कुंपणाकडून नवा खणून दिला.

परतताना होडीत बाई म्हणाल्या, “तो बरोबर बोलत होता. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.”

पुढच्या शनिवारी उकडायला वहिनी तयार नव्हती. “दुसऱ्या कोणाक सांगा,” ती म्हणाली. “माजो हात आपसूक जाता.” बाईंनी नकार दिला. पातेली तीच, शेगडी तीच, तर उकडणारा हातही तोच हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. “तुमच्याइतकं सारखं उकडणारं इमारतीत कोणी नाही. पाचही पातेल्यांतला तुकडा एकाच वेळी मऊ झाला होता. ते मी पाहिलंय.”

शनिवारी सकाळी नऊ वाजता वहिनी आमच्या दारात आली. हातात बरणी होती.

“भावजी, ही तुमच्या घरात ठेवा. आनि मी मागलंय तरी देव नकात.”

“एकपर्यंत?”

“एक वाजापर्यंत. मी रडान मागलंय तरी.”

या वेळी सूचनांच्या कागदावर बाईंनी एक ओळ वाढवली होती. ‘आमसूल, चिंच, कोकम, लिंबू, ताक घालायचं नाही.’ वहिनीने ती वाचली आणि म्हणाली, “आमसूल आनि कोकम एकच.” बाईंनी ‘कोकम’ खोडलं.

अक्षरं नव्याने वाटली होती. या वेळी खाजरा सुरण पहिल्याच पातेल्यात होता, हे नंतर कळलं. पहिल्या तुकड्यानंतर तीन मिनिटांत सभागृहात खाकरण्याचा आवाज सुरू झाला. बँक अधिकारी उठून खिडकीपाशी गेले.

“डॉक्टर, हे जेवण आहे की सूड?”

“लिहा,” बाई म्हणाल्या. “किती खाजतंय ते लिहा. थोडं, बरंच, की सहन होत नाही.”

“चौथा पर्याय नाही का?”

“नाही.”

वहिनी दाराशी उभी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. बरणी वर आमच्या घरातच राहिली.

पहिल्या नमुन्यानंतर बाईंनी सगळ्यांना अर्धा तास थांबवलं. उरलेले चार नमुने संपायला दोन वाजले. एक बाई मध्येच घरी जाऊन नातवाला दूध देऊन परत आल्या. कुणी काम सोडलं नाही. दुसऱ्या नमुन्याला दोघांनी ‘थोडी खाज’ लिहिली. तिसऱ्याला कुणीच खाज लिहिली नाही. चौथ्याला सहा जणांनी ‘थोडी’ आणि एकीने ‘बरीच’. पाचव्याला चौघांनी ‘थोडी’. पहिल्याला दहाही जणांनी, कमीअधिक.

मी पाकीट फोडलं. पहिला कुंपणाचा. तिसरा क्रमांक चार. चौथा क्रमांक सात.

बाईंनी सातचे शेरे वाचायला सांगितले. या वेळी मी सगळे वाचले. ‘चव उत्तम.’ ‘चव फार छान पण घसा धरतो.’ ‘पाणी प्यावंसं वाटतं.’ ‘खमंग.’ ‘मुलांना देणार नाही.’ त्या ऐकत होत्या. शेवटचा शेरा त्यांनी दोनदा वाचून घेतला. मग आपल्या वहीत सातपुढे शाईने ‘खाज आहे’ असं लिहिलं, चारपुढे ‘खाज नाही’ असं लिहिलं आणि वही बंद केली.

वहिनी म्हणाली, “सात नंबर आमसूल घातल्यार चांगलोच लागतलो ओ.”

“लागेल. पण तो अंधेरीत, घाटकोपरला कुणाच्याही घरी जाईल. त्या घरात आमसूल असेलच असं नाही. एकदा घसा धरला की ती बाई परत सुरण घेणार नाही, आणि शेतकऱ्याचा माल पडून राहील.”

“मगे सात टाकतल्यात?”

“संग्रहात ठेवू. पुढे कुणाला तरी लागेल.”

त्यानंतर त्यांनी पातेली घासायला घेतली. वहिनीने ती हातातून काढून घेतली.

प्रस्ताव त्यांनी मार्चच्या पहिल्या आठवड्यात लिहिला. भाषा तपासायला मला दाखवला. त्यात दोन्ही चाचण्या होत्या. पहिल्या चाचणीखाली लिहिलं होतं की उकडताना आमसूल वापरलं गेल्यामुळे निकाल ग्राह्य नाही. सूचना अपुरी होती. सूचना लिहिण्याची जबाबदारी प्रस्ताव लिहिणारीची. मी त्यात एक विरामचिन्ह बदललं. दुसरं काही बदलण्यासारखं नव्हतं. इतक्या वर्षांत माझ्या मेजावरून पुष्कळ खुलासे गेले. झालेल्या चुकीचा कर्ता म्हणून स्वतःला लिहिणारे त्यांत फार थोडे होते.

बैठकीत एका सदस्याने विचारलं की फसलेली चाचणी अहवालात कशाला. हे मला बाईंनीच नंतर सांगितलं. मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात. “म्हटलं, ती झाली म्हणून.”

समितीने क्रमांक चारला एक वर्षाची मुदत दिली. आणखी एक हंगाम गोराईत वाढवून दाखवायचा, बियाणं पुरेसं झालं तर शेतकऱ्यांकडे द्यायचं.

एप्रिलमध्ये चारच्या कापलेल्या चार गड्ड्यांपैकी दोन कुजले. सातचा एकही कुजला नाही. वाडीवाल्याने फोनवर ते सांगितलं तेव्हा बाई आमच्याकडे बसल्या होत्या. “तो म्हणतो, सात अजून माघार घेत नाही,” त्यांनी फोन ठेवल्यावर सांगितलं.

मे महिन्यात विहिरीकडच्या रांगेत चारचे तुकडे लावले. जागा वाडीवाल्याने स्वतःहून दिली. तो म्हणाला, “सातसाठी ठेवली होती. आता रिकामी ठेवून काय करू?” बाईंनी प्रत्येक दोन खड्ड्यांमधलं अंतर दोरीने मोजलं. तिसाव्या तुकड्याला बियाणं संपलं. जूनच्या शेवटच्या दिवशी त्या निवृत्त झाल्या. केंद्रातला कार्यक्रम सकाळी होता. जुलैच्या पहिल्या शनिवारी त्या नेहमीप्रमाणे बोरिवलीच्या बसमध्ये बसल्या. पगार बंद झाल्यावरही त्या पावसाळाभर गोराईला जात राहिल्या, होडी बंद असेल तेव्हा भाईंदरवरून रस्त्याने. उगवलेल्या प्रत्येक कोंबाची उंची, पानं, खोडाची जाडी त्या वहीत लिहीत. मी चार वेळा बरोबर होतो. एकदाही त्यांनी सातच्या रांगेकडे आधी पाहिलं नाही. केंद्राच्या संग्रहासाठी म्हणून ती रांग कुंपणाच्या बाजूला होती आणि जोमात होती.

तीसपैकी सत्तावीस उगवले. नोव्हेंबरच्या शेवटी गड्डे काढले, तेव्हा वाडीवाला, बाई, मी आणि या वेळी वहिनीही होती. वाडीवाल्याने पहिला गड्डा माती झटकून बाईंच्या हातात दिला. वजन एक किलो आठशे ग्रॅम भरलं. आकार वेडावाकडाच होता.

“दिसायला नाय सुधारला हा,” वाडीवाला म्हणाला.

“दिसण्यासाठी निवडला नाही,” बाई म्हणाल्या.

त्याच दुपारी वाडीवाल्याच्या घरी, नुसत्या पाण्यात, वहिनीने त्यातला एक उकडला. वाडीवाला, त्याची बायको, त्याची आई आणि शेजारचे दोघे, अशा पाच जणांनी खाल्ला. बाईंनी पाच मिनिटं घड्याळ पाहिलं. कुणाचाही घसा धरला नाही. वाडीवाल्याच्या आईने दुसरा तुकडा मागून घेतला. मी ते वहीत लिहिलं.

जानेवारीत समितीने शेतकऱ्यांच्या शेतांवर चाचणी घ्यायला परवानगी दिली. कागदावर केंद्राचं नाव आहे. बाईंचं नाव ‘यापूर्वीचे काम’ या रकान्यात आहे. या वर्षी मेमध्ये क्रमांक चारचं बियाणं गोराईखेरीज कोकणातल्या तीन तालुक्यांत तीन शेतकऱ्यांच्या नारळाखाली लावलं गेलं. लावणीच्या वेळी बाई तिन्ही ठिकाणी स्वखर्चाने हजर होत्या. जूनच्या अखेरीस चारही ठिकाणी कोंब वर आल्याचं केंद्राने त्यांना कळवलं.